मानवनिर्मित हवामान बदल न मानणाऱ्या सुशिक्षित माणसाशी चर्चा कशी करावी?

आपण विचारले आहे की, औष्णिक वीज केंद्रात तीस वर्षे अभियंता म्हणून काम केलेले आपले मामा 'तापमानवाढ माणसामुळे होते हे पाश्चात्त्यांनी रचलेले कुभांड आहे' असे ठामपणे म्हणतात, प्रत्येक भेटीत त्यावरून खटका उडतो, आणि त्यांना निरुत्तर करतील असे मुद्दे आपल्याला हवे आहेत. निरुत्तर झालेल्या माणसाला मुद्दा पटलेला असतोच असे नाही, म्हणून तशी यादी मी देत नाही. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे रासायनिक विश्लेषणाचे काम केले आणि आता नेरूळला राहते. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो असे एक गृहस्थ आहेत. त्यांची सारी नोकरी बॉयलरच्या धगीत गेली, आणि त्यांचे मत आपल्या मामांसारखेच होते. त्यांच्याशी तीन-चार वर्षे चाललेल्या चर्चेतून, आणि त्यात मी केलेल्या चुकांतून, जे हाती लागले ते लिहिते.

पहिली चूक मी एप्रिल 2023 मध्ये केली. खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या मोठ्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी भाऊंना म्हटले, "आता तरी मान्य करा." त्यांनी शांतपणे विचारले की मैदानावर सावली किती होती, लोक किती तास बसून होते आणि एवढ्या गर्दीत पाणी किती जणांपर्यंत पोहोचले असेल. हे प्रश्न रास्त होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या महिन्यातील दमट उष्णतेचा शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने नंतर अभ्यास केला आणि भारत-बांगलादेशात तशी लाट येण्याची शक्यता मानवनिर्मित तापमानवाढीमुळे किमान 30 पटींनी वाढली होती, असा निष्कर्ष काढला. परंतु ते विधान लाटेच्या शक्यतेविषयी आहे, एका मैदानावर जे घडले त्याचे सगळे कारण त्यात सामावत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत पडलेल्या 944 मिलिमीटर पावसाचे उदाहरण देतानाही हीच काळजी घ्यावी लागते. मध्य भारतात सर्वदूर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या, हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे. अशी दीर्घ नोंद पुरावा म्हणून पुढे ठेवता येते, एक दिवस ठेवता येत नाही, मग तो कितीही भयंकर असो.

त्यानंतर मी भाऊंच्या स्वतःच्या कामापासून सुरुवात केली, आणि तिथून चर्चेला खरे वळण लागले. बॉयलरच्या धुरांड्यातून निघणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड किती आहे हे पाहण्यासाठी त्यांच्याकडे अवरक्त किरणांवर चालणारा अ‍ॅनालायझर असे. नळीच्या एका टोकाला उष्ण किरण सोडणारा दिवा, दुसऱ्या टोकाला संवेदक आणि मधल्या पोकळीतून वाहणारा धूर, अशी त्याची रचना. रोज सकाळी तो शून्यावर आणण्यासाठी ते त्यात शुद्ध नायट्रोजन सोडत. मी विचारले, "भाऊ, शून्यासाठी नायट्रोजनच का?" ते चटकन म्हणाले, "कारण तो अवरक्त किरण शोषत नाही, ते सरळ पलीकडे जातात." आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो, म्हणून तर यंत्र चालते. या वायूचा जो गुणधर्म त्यांनी आयुष्यभर गृहीत धरला, त्याच गुणधर्मावर हरितगृह परिणाम, म्हणजे पृथ्वीतून वर जाणारी उष्णता हवेतील वायूंनी अडवणे, उभा आहे. युनिस फूट या अमेरिकन संशोधिकेने 1856 मध्ये काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापले; 1859 मध्ये जॉन टिंडल यांनी लांब नळीतून उष्णता सोडून कोणता वायू ती किती शोषतो हे मोजले; आणि 1896 मध्ये स्वान्ते अर्‍हेनियस यांनी हा वायू दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित कागदावर केले. तापमानवाढीच्या नावाने कोळशावर कर लावण्याची भाषाही तेव्हा कोणी करत नव्हते.

भाऊंचा पुढचा आक्षेप असा होता की, हवेत हा वायू जेमतेम 0.04 टक्के आहे, त्याने काय होणार. त्याचेही उत्तर त्यांच्या नायट्रोजनमध्येच होते. कोरड्या हवेचा 99 टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा आहे, आणि पृथ्वीतून वर जाणाऱ्या उष्णतेला हे दोन्ही वायू जवळजवळ अडवतच नाहीत; अडवण्याचे काम उरलेल्या थोड्या वायूंकडे आहे. मग त्यांनी पाण्याच्या वाफेचा मुद्दा काढला, आणि तो चांगला मुद्दा होता, कारण वाफ कार्बन डायऑक्साइडपेक्षा जास्त उष्णता अडवते. परंतु वाफ साधारण दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते, आणि हवेत ती किती राहील हे तापमान ठरवते, दर अंशाला सुमारे 7 टक्के जास्त. कार्बन डायऑक्साइड तसा गळून पडत नाही, त्याची भर शतकानुशतके राहते. सुरुवातीची उष्णता तो वाढवतो आणि वाफ त्या वाढीत भर घालते.

हा वायू वाढला तो माणसामुळेच कशावरून, ज्वालामुखीमुळे का नाही, हा प्रश्न मामा विचारतीलच, आणि मला स्वतःला सर्वांत भावणारा पुरावा इथे आहे. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे 315 भाग होते. औद्योगिक युगापूर्वी ते 280 च्या आसपास होते आणि आज 420 च्या पुढे गेले आहेत. कार्बनचे काही अणू किरणोत्सारी असतात, त्यांना कार्बन-14 म्हणतात, आणि सुमारे 5,730 वर्षांत ते निम्मे उरतात. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेल्या कोळशात आणि तेलात ते मुळीच उरलेले नाहीत. म्हणून कोळसा जाळला की हवेतील कार्बन-14 चे प्रमाण कमी होत जाते, आणि हान्स सूस यांनी 1955 मध्येच झाडांच्या वलयांत ते मोजून दाखवले. कार्बन-13 चे प्रमाणही घटत आहे, कारण वनस्पती हा जड कार्बन कमी घेतात आणि कोळसा मुळात वनस्पतींचाच. तिसरी खूण म्हणजे हवेतील ऑक्सिजन किंचित पण सातत्याने कमी होत आहे, जे जळणाने होते, ज्वालामुखीने होत नाही. जगातील सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. प्रयोगशाळेत नमुना कोठून आला हे ओळखण्यासाठी आम्हाला इतका भक्कम पुरावा क्वचितच मिळत असे.

सूर्यामुळेच पृथ्वी तापत आहे, हा आक्षेपही असाच मोजमापाने सुटतो. सूर्य तापला असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापायला हवे होते. वायूंनी उष्णता अडवली तर खालचा थर तापतो आणि त्याच्या वरचे स्थितांबर थंड होते. स्यूकुरो मानाबे यांनी 1967 मध्ये हे गणिताने मांडले होते, प्रत्यक्षात स्थितांबर थंड झालेले दिसले, आणि 2021 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. ओझोन घटल्याचाही त्या थंड होण्यात वाटा आहे, हे मी भाऊंना आधीच सांगून टाकले. मागाहून त्यांना ते कोठे वाचायला मिळाले असते तर मी लपवले असे त्यांना वाटले असते. उपग्रहांवरून सूर्याची मोजणी 1978 पासून सुरू आहे, आणि त्यात तापमानवाढीशी जुळणारी वाढ नाही.

'हवामान नेहमीच बदलत आले आहे' या वाक्याला मी आता लगेच होकार देते. हिमयुगे पृथ्वीच्या कक्षेतील फेरफारांनी सुरू झाली आणि संपली, आणि कार्बन डायऑक्साइडने त्या बदलाला जोर दिला. मात्र अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या आठ लाख वर्षांच्या हवेत हा वायू दहा लाखांत 300 भागांच्या फारसा वर कधी गेलेला नाही. काँक्रीटमुळे शहरे तापतात, हेही खरेच आहे. घोडबंदर रस्त्यावर ज्यांनी वीस वर्षे काढली त्यांना ते सांगावे लागत नाही. परंतु अतिरिक्त उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रात गेला आहे, आणि समुद्रात इमारती नाहीत. शहरांच्या उष्णतेने तापमानाच्या नोंदी फुगल्या आहेत का, ही शंका बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांनाही होती. त्यांनी जगभरच्या नोंदी नव्याने तपासल्या आणि 2012 मध्ये जाहीरपणे आपले मत बदलले. त्यांचे उदाहरण भाऊंना माझ्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा जास्त आवडले.

उद्याच्या पावसाचा अंदाज चुकतो, मग पन्नास वर्षांनंतरचे काय सांगता, असेही ते म्हणत. मी विचारले की उद्या सकाळची लोकल ठाण्याला किती मिनिटे उशिरा येईल हे सांगता येईल का? नाही. पण साडेआठला मुंबईकडे जाणाऱ्या फलाटावर गर्दी असेल, हे खात्रीने सांगता येते. अंदाजांत अनिश्चितता आहेच: वायू दुप्पट झाल्यास वाढ बहुधा 2.5 ते 4 अंश सेल्सियस होईल, एवढा रुंद पट्टा आजही आहे, आणि ढगांचे वर्तन हे त्याचे एक मोठे कारण आहे. ही अनिश्चितता तापमान किती वाढेल याविषयीची आहे, कारणाविषयीची नाही, आणि हा फरक चर्चेत पुन्हा पुन्हा सांगावा लागतो.

एवढे सगळे झाल्यावरही भाऊ अडून होते, आणि ते का, हे मला एका जुलैच्या सकाळी समजले. आम्ही नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानातील तळ्याच्या कडेने चाललो होतो, पाऊस नुकताच थांबला होता. ते म्हणाले, "ताई, दोनशे वर्षे त्यांनी कोळसा जाळला, श्रीमंत झाले, आणि आता आमच्या बॉयलरकडे बोट दाखवतात. हे तुम्हाला चालते?" त्यांचा वाद कार्बन-14 शी नव्हताच. आजवर जीवाश्म इंधनांतून हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, आणि भारताचा वाटा चार टक्क्यांच्या आतबाहेर, जरी जगातील सहा माणसांमागे एकाहून अधिक भारतीय असला तरी. हा राग न्याय्य आहे, आणि मी तो न्याय्य असल्याचे त्याच क्षणी सांगितले. मग विचारले की, तापमानवाढ माणसाने केलीच नाही असे आपण म्हणालो, तर त्यांच्याकडे आपले येणे कशाचे? 1992 च्या रिओ करारात जबाबदारी सर्वांची पण वेगवेगळ्या प्रमाणात, असे तत्त्व मान्य झाले, ते याच विज्ञानाच्या आधाराने. हिशेबाची वहीच फाडून टाकली तर वसुली कोणाकडून करणार? ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि दोन दिवसांनी त्यांनी मौना लोआचे आकडे कोठे मिळतील असे विचारले.

म्हणून माझे सांगणे असे की, मामांचा आक्षेप विज्ञानाला आहे की त्याच्या आडून येणाऱ्या अन्यायाला, हे आधी शोधावे. चर्चा दोघांतच करावी. सणाच्या पंगतीत किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणीही माघार घेत नाही. एका वेळी एकच आक्षेप घ्यावा आणि तो तडीस जाईपर्यंत दुसऱ्यावर उडी मारू नये, त्यांनाही मारू देऊ नये. भाऊ आजही सगळे मानत नाहीत. उपाय म्हणून काय करावे यावर आमचे मतभेद कायम आहेत. पण त्या तळ्याकडे ते वेगळ्या नजरेने पाहतात. ते भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवणारे होल्डिंग पाँड आहे. खाडी वर आली की झडप बंद होते, आणि ओहोटी लागून खाडीची पातळी तळ्याच्या खाली गेली तरच पाणी बाहेर पडते. जगातील समुद्राची सरासरी पातळी 1901 ते 2018 या काळात सुमारे 20 सेंटीमीटरने वाढली, हे त्यांना ठाऊक आहे, आणि पावसाळ्यात उधाणाच्या तारखा आता तेच आम्हाला सांगतात.

आपले मामा कोळशावर वीज बनवणाऱ्या केंद्रात होते, तेव्हा त्यांच्याशी सुरुवात करायला आपल्याला अ‍ॅनालायझरही लागणार नाही. 12 किलो कार्बन जळला की 44 किलो कार्बन डायऑक्साइड होतो, हे त्यांना पाठ असेल. त्यांच्या केंद्रात दिवसाला किती टन कोळसा लागत असे ते विचारा, त्यातून तीस वर्षांत किती वायू निघाला हा हिशेब त्यांनाच कागदावर करू द्या, आणि आकडा मांडून झाला की तो वायू पुढे कोठे गेला, एवढेच त्यांना विचारा.