“मॅडम, ही घुमी आहे हो”

नववीतल्या एका मुलीला घेऊन तिची आई आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बसता बसताच म्हणाली, “मॅडम, ही घुमी आहे हो. पाहुणे आले की आतल्या खोलीत. पुढे हिचं कसं व्हायचं?” मुलगी दप्तराच्या चेनचा गोंडा बोटाला गुंडाळत होती. तिला काही विचारलं की उत्तर आईच देई.

घुमा, मुखदुर्बळ, एकलकोंडा. पालक हेच शब्द घेऊन येतात आणि मूल ते रोज ऐकत असतं, म्हणून मी आधी त्यांच्यापाशीच थांबते. मुखदुर्बळ म्हणजे तोंडाने दुबळा, उणेपणा आलाच. घुमा म्हटलं की मनात काही दडवतोय असा संशय. त्यापेक्षा मला ‘अंतर्मुख’ हा शब्द जवळचा वाटतो. अंतर् म्हणजे आत. ज्याचं मुख आत वळलेलं आहे तो. आपल्याकडे चित्त अंतर्मुख करणं ही साधनाच मानली गेली. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली स्वभावप्रकारांवर ग्रंथ लिहिला. त्यातल्या ‘इंट्रोव्हर्ट’ला मराठीत हाच शब्द चपखल बसला, कारण त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थही आत वळणं असाच आहे.

आईला थोडा वेळ बाहेर बसवलं. मीही गप्प राहिले. बऱ्याच वेळाने मुलगी म्हणाली, “वर्गात मला उत्तर येतं. पण मनात वाक्य जुळवेपर्यंत दुसरं कुणीतरी बोलून मोकळं होतं.” मग खाली बघत, “आई घुमी म्हणते तेव्हा वाटतं, मी काही लपवतेय.”

शांत मुलांचे सगळे पालक उगाच घाबरतात, असं मी म्हणणार नाही. बोलकं मूल अचानक मिटलं, जेवण-झोप बिघडली, आवडीचं काही नको झालं, तर तपासणी हवीच. घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत महिनाभराहून जास्त काळ तोंडच उघडत नसेल, तरीही. या मुलीचं तसं नव्हतं. दोन जिवलग मैत्रिणी होत्या, चित्रकला होती, झोप शांत होती.

आईला मी एकच काम दिलं: प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजायचे, तिच्या वतीने बोलायचं नाही.

पुढच्या वेळी मी मुलीला विचारलं, “सुट्टीत काय केलंस?” आईचे ओठ उघडले, मिटले. मांडीवर तिची बोटं एकेक करून दुमडत होती. सातव्या बोटाला मुलीने दप्तरातून चित्रांची वही काढली आणि म्हणाली, “हे पहिलं पान आधी बघा.”