जुना लॅपटॉप ऑनलाइन विकताना त्यातले दोष आधीच सांगावेत का?

हो, सगळे सांगा, आणि जाहिरातीतच सांगा. दोष सांगितले तर कोणी घेणार नाही, ही तुमची भीती मला समजते. पण घेणारा वस्तू हातात घेऊन बघू शकत नाही, तो तुमच्या शब्दावर पैसे मोजतो.

'चांगल्या स्थितीत' एवढंच लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून 'powercfg /batteryreport' ही आज्ञा दिली की एक अहवाल तयार होतो, त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता दोन्ही दिसतात. ५०,००० च्या जागी ३५,००० मिलीवॅट-तास उरले असतील तर ७० टक्के, तसंच लिहा. ओरखड्याचा फोटो तिरप्या उजेडात काढा. समोरून फ्लॅश मारला की तो दिसतच नाही. बिजागरी सैल असेल, एखादं बटण दोनदा दाबावं लागत असेल, तर तेही लिहा. दुरुस्ती झाली असेल तर कोणता भाग बदलला ते सांगा.

मी एकदा असाच एक लॅपटॉप घेतला होता. पडद्यावर उभी रेघ होती आणि फोटोत नेमका तो भाग कापलेला. रेघेचं एवढं वाटलं नाही, लपवल्याचं फार लागलं.

किंमत मात्र दोष धरूनच ठरवा, म्हणजे नंतर घासाघीस कमी होते.