इंग्लंडमध्ये पोलीस गणवेशात प्राइड मोर्चात (समलिंगी, ट्रान्स वगैरे एलजीबीटी समुदायाच्या मोर्चात) चालू शकतात का? मोहीम चालवणाऱ्या संस्थांशी त्यांचे संबंध कसे तपासायचे?

बंदोबस्ताला असणं वेगळं, सहभागी म्हणून चालणं वेगळं. २०२४च्या न्यूकॅसल प्राइडमधला नॉर्थम्ब्रिया पोलिसांचा गणवेशातला सहभाग हायकोर्टाने जुलै २०२५मध्ये बेकायदा ठरवला. २००३च्या पोलीस नियमांनुसार निःपक्षपातीपणाला बाधा येईल, किंवा येते अशी लोकांची समजूत होईल, असं काही पोलिसांनी करायचं नाही. म्हणजे प्रत्यक्ष पक्षपात दाखवावा लागत नाही. ‘आमचा हेतू चांगला होता’ हा बचाव इथेच लंगडा पडतो.

संबंध तपासायला माहिती स्वातंत्र्य कायदा, २०००खाली अर्ज करा. उत्तराची मुदत कामकाजाचे २० दिवस. ‘सगळा पत्रव्यवहार द्या’ असं लिहिलंत तर खर्चाची मर्यादा दाखवून नकार येतो. संस्थेचं नाव आणि ठरावीक कालावधी टाका. वर्गणीच्या पावत्या तर मागाच, पण खरा ऐवज वेगळाच असतो: धोरणाच्या मसुद्यावर संस्थेने सुचवलेले बदल. नुसतं सदस्यत्व असणं हा काही गुन्हा नव्हे.

कोर्टात जायचं असेल तर या उत्तराची वाट पाहत बसू नका. न्यायिक पुनर्विलोकनाचा, म्हणजे सरकारी यंत्रणेची कृती कायदेशीर होती का हे कोर्टाने तपासावं यासाठीचा, अर्ज तातडीने, फार तर तीन महिन्यांत करावा लागतो, आणि तक्रार अर्ज दिल्याने ते घड्याळ थांबत नाही.