शेड मालकाची, जमीन महामंडळाची

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत बंद पडलेली एक मशीनशॉपची शेड आमच्या नाट्यगटाने तीन वर्षांच्या लीव्ह अँड लायसन्सवर घेतली. करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला, सही माझी. वर्गणी काढून साडेसहा लाख खर्च केले : पत्रे बदलले, कोबा केला, स्वच्छतागृह बांधलं, रंगमंच उभारला. आता दीड वर्षातच मालकांना शेड विकायची आहे आणि ते १५ दिवसांत जागा सोडा म्हणतात. त्यातच भूखंडाच्या विनापरवाना वापराबद्दल औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसीची) नोटीस मालकांना आली आहे, प्रत आम्हाला. स्टे मिळेल का? पुण्यातल्या जुन्या राजा बहादूर मिलमध्ये कार्यक्रम चालतात, ते इथे का नाही?

उत्तर : तुमच्या बाजूचं बोलायचं तर एक कलम खरंच दमदार आहे. लीव्ह अँड लायसन्स म्हणजे जागा वापरायचा परवाना, आणि देणारा तो परत घेऊ शकतो, हा सुविधाधिकार कायदा, १८८२ चा साधा नियम. पण परवान्याच्या भरवशावर तुम्ही स्वतःच्या खर्चाने कायमस्वरूपी काम केलं असेल, तर कलम ६० (ब) प्रमाणे तो परत घेता येत नाही. राम सरूप गुप्ता विरुद्ध बिशुन नारायण इंटर कॉलेज या १९८७ च्या निकालात हेच झालं. शाळेने मिळालेल्या जागेत खोल्या बांधल्या होत्या. पुढे ती जागा विकत घेणाऱ्याला शाळेला उठवता आलं नाही. तुमचं स्वच्छतागृह आणि कोबा या व्याख्येत बसवता येईल. पत्रे बदलणं ही दुरुस्तीच, असं समोरचा वकील म्हणेल. नटबोल्टवर उभा असलेला रंगमंच तर सोडूनच द्या.

घोडं अडतं ते कलम ५३ पाशी. आपल्याला जेवढा हक्क दुसऱ्याला देता येतो, त्याच मर्यादेत परवाना देता येतो. तुम्ही ज्यांना मालक म्हणता ते शेडचे मालक असतील, पण जमिनीचे ते महामंडळाचे भाडेपट्टेदार आहेत, आणि पूर्वपरवानगीशिवाय जागा दुसऱ्याला वापरायला द्यायची नाही ही त्या पट्ट्यातली नेहमीची अट. जे त्यांना देताच येत नव्हतं, ते त्यांनी तुम्हाला दिलं. राजा बहादूर मिलची तुलना इथेच तुटते. ती महामंडळाच्या भाडेपट्ट्यावरची जागा नाही, तिथे नियोजन महापालिकेचं. एमआयडीसी क्षेत्रात नियोजन प्राधिकरण महामंडळच असतं. बांधकाम आणि वापराचे नियम ठरवणारी राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियमावली तिथे लागूच नाही.

म्हणून मालकांवर दावा ठोकायची घाई करू नका. वापर नियमित करून घ्यायचा अर्ज भाडेपट्टेदारच करू शकतो. ज्यांच्याविरुद्ध स्टे मागाल, त्यांचीच सही तुम्हाला लागणार आहे. आणि गरज त्यांनाही आहे. भूखंड हस्तांतरित करायला महामंडळाची परवानगी लागते, आणि अटभंगाची नोटीस मिटल्याशिवाय ती मिळणं अवघड. वाटाघाटीत तुमच्या हातात खरं वजन आहे ते हेच. छोट्या औद्योगिक भूखंडावर नाट्यगृहासारखा वापर मंजूर होईल, अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. मुदत आणि पैसे मागा : सहा महिने, पूर्ण डिपॉझिट, बिलांच्या आधारे भरपाई आणि रंगमंच काढून नेण्याची मुभा.

भरपाईला आधार आहे. मोबदला घेऊन दिलेला परवाना मुदतीआधी, तुमची चूक नसताना काढला, तर सुविधाधिकार कायद्याच्याच कलम ६४ प्रमाणे ती मागता येते. करार नोंदवलेला नाही म्हणून घाबरू नका. महाराष्ट्रात, मुदत ११ महिन्यांची असली तरी, नोंदणी सक्तीची आहे आणि भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. मुद्रांक कमी पडला असेल तर कोर्ट आधी तो दंडासह भरायला लावेल. समझोत्याआधीच मालकांनी परस्पर कुलूप ठोकलं, तर मात्र त्याच दिवशी वकील गाठा. पुण्यात असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात.

प्रयोग आजपासून बंद. तालमीही औद्योगिक वापरात बसत नाहीत, पण तिकीट लावून शंभर माणसं पत्र्याखाली बसवणं हा फारच वेगळा धोका आहे. कमला मिलच्या २०१७ च्या आगीत १४ जीव गेले. अग्निप्रतिबंधक कायदा, २००६ ची जबाबदारी मालकाबरोबर भोगवटादारावरही, म्हणजे जागा वापरणाऱ्यावरही आहे. आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. करमणुकीच्या जागेचा पोलीस परवाना वेगळाच. काही झालं तर करारावर सही कुणाची आहे, हे पहिल्यांदा पाहिलं जाईल.

नोटिशीला उत्तर मालक देतीलच, पण तुमचंही मुदतीत, लेखी जाऊ द्या; पोच घ्या. आणि गट नोंदलेला नसेल, तर त्याच्या नावाने दावा लावता येणार नाही. बिलं ज्यांच्या नावावर आहेत त्यांच्याकडून, सगळे अजून एकत्र आहेत तोवर, तुम्हाला अधिकार देणारं पत्र सहीनिशी घेऊन ठेवा.