सोलरच्या आधी गळती मोज

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

एनर्जी ऑडिटच्या कामावर रुजू झालीस, बरं वाटलं. आता तुला भोसरी, चाकण, रांजणगाव असं फिरवतील. निम्मे मालक शेडच्या पत्र्याकडे बोट दाखवून विचारतील, "इथं किती किलोवॅटचं सोलर बसेल?" प्रश्न चांगलाच आहे, पण उत्तर देण्याआधी कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून मशिनांना पुरवणारं यंत्र, कुठे आहे ते विचार.

देशातली साधारण सत्तर टक्के वीज अजूनही कोळशावर होते. कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश भागाचीच वीज बनते, बाकी धुराड्यातून आणि कूलिंग टॉवरमधून निघून जाते. आपल्या राखाळ कोळशाच्या हिशेबाने एका युनिटमागे साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो. कॉम्प्रेस्ड एअरचा, म्हणजे या दाबलेल्या हवेचा हिशेब तर आणखी वाईट. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम 10 ते 15 टक्के खरं काम करते, उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणजे चंद्रपूरला कोळशातल्या शंभर कॅलरी जाळल्या, तर चाकणच्या न्यूमॅटिक (हवेवर चालणाऱ्या) टूलच्या टोकाशी चार-पाच पोचतात. आणि त्यातलीही हवा होजपाइपच्या कुठल्यातरी जोडातून सुंसुं करत जात असते.

ही गळती मोजायला भारी उपकरण लागत नाही. आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशी जा. सगळी मशिनं बंद, हवेच्या लाइनचे व्हॉल्व्ह उघडे, आणि एकच कॉम्प्रेसर चालू. तो किती सेकंद लोड घेतो (हवा भरतो) आणि किती सेकंद अनलोड राहतो (नुसताच फिरतो) ते मोबाइलवर मोज. आठ-दहा फेऱ्या घे. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, गुणिले कॉम्प्रेसरची क्षमता, ही झाली गळती. 40 सेकंद लोड आणि 80 अनलोड आलं, तर क्षमतेच्या एक तृतीयांश हवा कुणाच्याही उपयोगाविना चालली आहे. दहा टक्क्यांच्या आत असेल तर मेंटेनन्सवाल्याची पाठ थोपट, असा माणूस रोज भेटत नाही. (व्हीएफडीवाला, म्हणजे मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा कॉम्प्रेसर असेल तर ही रीत चालत नाही. तिथे किलोवॅट बघावे लागतात.)

सात बारला (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) तीन मिलिमीटरचं एक भोक साधारण तीन किलोवॅट खातं. वर्षाचे 6000 तास धर, 18,000 युनिटं झाली. नऊ रुपये दर धरला तर दीड लाखाच्या वर, आणि कोळसा बारा टनांच्या आसपास. मालकाला बारा टनांचं काही वाटणार नाही, दीड लाखाचं वाटेल. तेच सांग.

आता खरी अडचण. गळती सगळ्यांना ऐकू येते, तरी ती बंद का होत नाही? कारण ती कुणाच्याच नावावर नाही. बिल अकाउंट्स भरतं, कॉम्प्रेसर युटिलिटीवाला बघतो, होजपाइप प्रॉडक्शनचा. फोरमनला लाइन थांबली तर बोलणी बसतात, हवा गेली म्हणून कुणी कधी बोललेलं नाही. म्हणून शेवटच्या मशीनला प्रेशर कमी पडलं की तो होज बदलायच्या भानगडीत पडत नाही, कॉम्प्रेसरच एक बार वर चढवतो. एक बार म्हणजे सहा-सात टक्के जास्त वीज, आणि वाढलेल्या प्रेशरला गळतीही वाढते. शिवाय सणसणीत प्रेशर आहे म्हणून लोक त्याच हवेने अंगावरची धूळ झटकतात!

तेव्हा सगळ्यात आधी सब-मीटर बसवायचा आग्रह धर. प्रत्येक शॉपचा आकडा वेगळा दिसू लागला की वाद सुरू होतात, आणि मला तो वाद हवा असतो. फोरमनला चहाच्या वेळी गाठ. कुठल्या पाळीत काय बिघडतं ते त्याला तुझ्या डेटा लॉगरपेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याची चूक काढायला आली आहेस असं एकदा त्याला वाटलं, तर तुझा रिपोर्ट कपाटात जाईल.

फाउंड्रीत गेलीस तर इंडक्शन फर्नेसच्या स्पेसिफिकेशनवर वेळ घालवू नकोस. कास्ट आयर्न वितळवून ओतायच्या तापमानाला न्यायला कागदावरच्या हिशेबाने टनाला सुमारे 400 युनिटं पुरतात. प्रत्यक्षात 600च्या वरही दिसतील. मधली का गेली हे भट्टीशेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. झाकण उघडं असतं, भंगाराला वाळू आणि गंज चिकटलेला असतो, लॅडल (धातू ओतायचं भांडं) गार असते म्हणून धातू जास्त तापवतात, आणि साचा तयार नाही म्हणून वितळलेला धातू तसाच धरून ठेवतात. शेवटचं कारण सगळ्यात महाग, आणि त्याचा भट्टीशी काडीचा संबंध नाही. ते प्लॅनिंगचं काम आहे.

ब्लोअरचा डॅम्पर (हवा अडवायची झडप) अर्धा मिटलेला दिसला तर थांब. हवा कमीच हवी असेल तर ती अडवण्यापेक्षा पंख्याचा वेग कमी करायला सांग. वेग 80 टक्क्यांवर आणला की पंख्याची वीज जवळजवळ निम्मी होते.

कायद्याचा आधार तुला सगळीकडे मिळणार नाही. 2001च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखालची पॅट (परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड) योजना 2012 पासून सिमेंट, पोलाद, खत अशा मोठ्या ग्राहकांना प्रति टन ऊर्जेचं लक्ष्य देत आली. भोसरीतला वीस माणसांचा जॉबवर्कवाला त्यात कुठे बसतो? तिथे तुझी वहीच काय ती. त्याला "वीज कमी वापरा" असं कधी म्हणू नकोस. त्याला ऑर्डरी वाढवायच्या आहेत, पोरांना पगार द्यायचे आहेत, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. प्रति नग किंवा प्रति टन युनिटं किती, एवढंच विचार. उत्पादन दुप्पट होऊन बिल दीडपट झालं तर ती चांगली बातमी आहे, पण नुसतं बिल बघणाऱ्याला ती वाईट वाटते.

सोलरचं गळती काढल्यावर बघ. गरज कमी झाली की पॅनलही कमी लागतात. विक्रेता तुझ्यावर रागावेल, पण पैसे वाचले म्हणून मालक खूश होईल.

रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर तीनच उपाय लिही. एक फुकटचा, एक वर्षात पैसे परत देणारा आणि एक मोठा. फुकटचा पुढच्या गुरुवारपर्यंत करून घे, आणि आधीचे-नंतरचे आकडे मला पाठव. सोबत कॉम्प्रेसरची एफएडी (तो मिनिटाला प्रत्यक्ष किती हवा देतो) आणि प्रेशर सेटिंगही लिही, नुसत्या टक्क्यांवरून मला काही सांगता येणार नाही.