‘कोर्स पूर्ण करा’ हा मेसेज जपून ठेवा

प्रश्न : आमचा लॅब्रेडॉर बंड्या नऊ वर्षांचा, २८ किलोचा होता. मागच्या पायाने लंगडायला लागला म्हणून खासगी डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅमच्या अडीच मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या, रोज एक, दहा दिवस. खाजेसाठी त्यांनीच दिलेलं प्रेडनिसोलोन तेव्हा चालूच होतं. चौथ्या दिवशी उलट्या आणि काळी शी झाली. रात्री व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘गोळी जेवणानंतर द्या, कोर्स पूर्ण करा.’ सहाव्या रात्री तो कोसळला. साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं, जठराला छिद्र पडल्याचा संशय त्यांनी लिहून दिला. सकाळी तो गेला. शेतात पुरला. त्याला तीन आठवडे झाले. पोलिसांनी तक्रार घेतली नाही. डॉक्टर म्हणतात, गोळ्या तुम्हीच जास्त दिल्या. राहिलेली स्ट्रिप फ्रिजवर तशीच आहे. गोळी आई भाकरीच्या तुकड्यात घालून द्यायची, ती आता धड जेवत नाही. बायकोने फेसबुकवर डॉक्टरांचं नाव घालून ‘खुनी’ लिहिलं, तर अब्रुनुकसानीची धमकी आली. काय करावं? – एक वाचक, फलटण तालुका

उत्तर : तुमचं पत्र पहिल्यांदा वाचताना मला वकील म्हणून वाचता आलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दोन गोष्टींपाशी थांबलो : ती स्ट्रिप आणि तो मेसेज.

आधी स्ट्रिप. आज रात्रीच ती खाली काढा. दहा गोळ्यांची स्ट्रिप, सहा दिवस रोज एक, म्हणजे चार शिल्लक असायला हव्यात. शेजारच्या दोघांसमोर मोजा, बॅच नंबर दिसेल असा दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, पाकिटात घालून त्यावर तारीख आणि तिघांच्या सह्या करा. बिलावर एकच स्ट्रिप असेल आणि चार गोळ्या उरल्या असतील, तर ‘तुम्हीच जास्त दिल्या’ या म्हणण्यात काही उरत नाही.

आता एक कडू गोष्ट. औषध बाधलं आणि जीव गेला, एवढ्यावर डॉक्टर दोषी ठरत नाहीत. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं की परिणाम वाईट झाला म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. त्या जागी साधारण कुशल डॉक्टरने जे केलं असतं ते यांनी केलं का, हे बघायचं. तो निकाल माणसांच्या डॉक्टरांबद्दल असला, तरी तुमच्या डॉक्टरांचे वकील पहिल्याच तारखेला तो पुढे करतील. त्याला उत्तर तयार ठेवूनच तक्रार लिहायची.

डोसबद्दल तक्रार करू नका. कुत्र्यांमध्ये मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ आणि पुढे ०.१ मिलिग्रॅम देतात. बंड्याच्या वजनाला रोज २.८ मिलिग्रॅम झालं असतं, तुम्हाला दिलेली गोळी त्याहून कमीच होती. जिथे ते बरोबर आहेत तिथे त्यांना चूक म्हटलंत, तर तुमच्या खऱ्या मुद्द्याचं वजन कमी होईल.

खरे मुद्दे दोन आहेत. पहिला प्रेडनिसोलोनचा, ते स्टेरॉइड आहे. मेलॉक्सिकॅमच्या जातीची औषधं दुखणं कमी करताना जठराच्या अस्तराला राखणारी द्रव्यंही रोखतात. त्यात स्टेरॉइडची भर पडली की व्रण होण्याचा, अस्तर फाटण्याचा धोका फार वाढतो. म्हणून ही दोन औषधं एकत्र देऊ नयेत, हे पशुवैद्यकशास्त्रात शिकवलं जातं आणि औषधाच्या माहितीपत्रकातही छापलेलं असतं. इथे तर दोन्ही एकाच डॉक्टरांनी दिली. ‘आधीचं औषध मला माहीत नव्हतं’ असं ते म्हणू शकत नाहीत. खाजेच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी, लसीकरणाचं पुस्तक, जिथे कुठे प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल ते पान शोधून काढा.

दुसरा मुद्दा चौथ्या रात्रीचा, आणि माझ्या मते तुमची केस तिथेच उभी राहते. डांबरासारखी काळी शी म्हणजे पोटात रक्त जातंय. अशा वेळी गोळी तिथल्या तिथे बंद करून जनावराला तपासायला बोलवायचं असतं. डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि कोर्स पूर्ण करायला सांगितलं. त्यानंतर आणखी दोन गोळ्या पोटात गेल्या. तो फोन बदलू नका, चॅट पुसू नका, संपूर्ण संभाषण वेळेसकट बॅकअप करून ठेवा. ग्राहक आयोगापुढे देताना त्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा.

शवविच्छेदन झालं नाही म्हणून स्वतःला बोल लावून घेऊ नका. त्या सकाळी कुणाला सुचलं असतं? आता उकरूनही काही हाती लागणार नाही, त्याला तिथेच राहू द्या. साताऱ्याच्या दवाखान्यातून संपूर्ण केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी केली असेल तर ती, सगळं सही-शिक्क्यासह घ्या. मग ही कागदपत्रं घेऊन शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापकांना लेखी मत विचारा. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे किशन राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलंय. तरी मिळालं तर सोडू नका.

पोलिसांचं म्हणाल, तर राग गिळावा लागेल. जनावर मारण्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेतलं कलम ३२५ हेतू किंवा जाणीव असल्याशिवाय लागत नाही, आणि हयगयीने मृत्यूचं कलम माणसांपुरतं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका मोटारसायकलखाली कुत्रं गेल्याच्या प्रकरणात हेच सांगितलं : मालकाला ते लेकरासारखं असेल, पण कायद्याच्या नजरेत माणूस नाही. बंड्यासारख्यांसाठी कायदा अजून थिटा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण आज जो आहे त्यातूनच वाट काढायची.

ती वाट सातारच्या जिल्हा ग्राहक आयोगाची. पैसे घेऊन केलेले उपचार ही ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालापासून पक्कं आहे. तुम्ही यूपीआयने पैसे दिले असतील तर बँकेचा उतारा काढा. आधी स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्या, मग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ खाली तक्रार. मुदत दोन वर्षं. मोबदला पाच लाखांच्या आत आहे, त्यामुळे शुल्क नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्याही दाखल करता येते, वकील हवाच असं नाही. औषधोपचाराचा खर्च, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च मागा. मोठ्या रकमेची आशा मात्र धरू नका. औषध कंपनीला यात ओढू नका, धोका पत्रकावर छापलेला असेल तर तिथे काही टिकणार नाही.

याच्या जोडीला राज्य पशुवैद्यक परिषदेकडे तक्रार करा. ती भरपाई देत नाही, पण नोंदणीवर कारवाई करू शकते. त्याआधी डॉक्टरांची नोंदणी आहे ना, हे तिथेच विचारून घ्या. तालुक्याच्या ठिकाणी पदविकाधारकही ‘डॉक्टर’ म्हणवून घेतात. तसं निघालं तर प्रकरणाला वेगळंच वळण लागेल, तेव्हा मला पुन्हा लिहा.

फेसबुकवरची पोस्ट आजच काढा. वहिनींचा संताप मला कळतो, पण ‘खुनी’ हा शब्द सिद्ध करता येणार नाही, आणि न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तोच तुमच्यावर उलटेल. निकाल लागेपर्यंत नाव घेऊन काहीच लिहू नका. डॉक्टरांनी दिलेली धमकी लेखी असेल तर तीही जपा.

आता आई. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध सांगितलं तसं देणं ही कुणाचीच चूक नसते, कायद्यातही नाही. उलट रोज किती वाजता गोळी दिली, चौथ्या दिवशी बंड्याने भाकरीचा तुकडा तोंडात धरून परत खाली टाकला का, शी पहिल्यांदा कुणी पाहिली, हे सगळं त्यांनाच ठाऊक. तक्रारीसोबत त्यांचं प्रतिज्ञापत्र लागेल. त्यांच्याजवळ बसून, घाई न करता, त्या सांगतील त्याच शब्दांत वारानुसार लिहून घ्या. मध्येच थांबल्या तर थांबू द्या, उरलेलं दुसऱ्या दिवशी लिहा.