प्रिसेप्टर कोण शोधणार? : अमेरिकेत एफएनपी करू पाहणाऱ्या नर्सेसचे प्रश्न

प्रश्न : मी टेक्सासमध्ये आरएन (नोंदणीकृत नर्स) आहे. नोकरी सांभाळून फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (एफएनपी), म्हणजे सगळ्या वयाच्या पेशंटना तपासून औषधं लिहून देणारी नर्स, व्हायचंय. एका ऑनलाइन एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स) कोर्सची फी इतरांपेक्षा बरीच कमी आहे. घेऊ का?

उत्तर : आधी युनिव्हर्सिटीला फोन करून विचारा, क्लिनिकलसाठी, म्हणजे पेशंटवरच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी, प्रिसेप्टर (हाताखाली घेऊन शिकवणारा डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर) कोण शोधणार, तुम्ही की मी? "आम्ही मदत करतो" हे उत्तर धरू नका. ही मदत म्हणजे बऱ्याचदा ईमेलवर आलेली क्लिनिकची जुनी यादी असते. पुढे सुट्टीच्या दिवशी दारोदार फिरायचं ते तुम्हीच. प्रिसेप्टर मिळाला नाही म्हणून सेमिस्टर पुढे ढकलावी लागते, नाहीतर मध्यस्थाला पैसे मोजून जागा घ्यावी लागते. तो खर्च फीमध्ये मिळवून बघा, मग स्वस्त काय ते ठरवा.

दुसरी गोष्ट तासांची. २०२२च्या राष्ट्रीय मानकांनुसार प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ७५० तास हवेत; पूर्वी ५०० चालत. पण नुसती बेरीज विचारू नका, वाटणी विचारा. मुलं किती, गरोदर बायका किती, वृद्ध किती? एफएनपीला तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत सगळे बघायचे असतात. सगळे तास अर्जंट केअरमध्ये काढले, तर घसा आणि मुरगळलेला पाय छान जमतो; तोच मधुमेही पेशंट वर्षभर सांभाळणं मात्र शिकायचं राहून जातं.

सीसीएनई, एसीईएन किंवा सीएनईए या नर्सिंग कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता नसेल, तर पुढे विचारूच नका. सर्टिफिकेशन परीक्षेला बसता येणार नाही. आणि कोर्स दुसऱ्या राज्यातला असेल, तर टेक्सासमध्ये राहून क्लिनिकल करता येईल का, हे लेखी घ्या.

प्रश्न : एमएसएन पुरे की थेट डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट) करावं?

उत्तर : नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने, म्हणजे एएसीएनने, २००४ मध्ये ठरवलं होतं की २०१५पर्यंत या कामासाठी डीएनपी हीच पदवी असावी. २०१५ येऊन गेलं. आजही एमएसएनवर एएएनपीसीबी आणि एएनसीसी या सर्टिफिकेशन देणाऱ्या दोन्ही संस्थांच्या परीक्षा देता येतात. डॉक्टरेट केली की औषधं लिहिण्याचे अधिकार वाढतात, हा गैरसमज आहे. ते राज्याच्या कायद्यावर ठरतं. अ‍ॅरिझोना, ओरेगन, न्यू मेक्सिकोत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे काम करू शकते. टेक्सासमध्ये औषधं लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो, तो डीएनपीलाही चुकत नाही. शिकवायचं असेल किंवा प्रशासनात जायचं असेल तर डीएनपी जरूर करा. नाहीतर माझं मत : आधी एमएसएन, मग दोन वर्षं पेशंट बघा, तोवर हा प्रश्न कदाचित उरणारही नाही.

प्रश्न : माझं जीएनएम भारतात झालंय, इथलं आरएन लायसन्सही आहे. थेट प्रवेश मिळेल?

उत्तर : बहुतेक ठिकाणी नाही, कारण जीएनएम डिप्लोमा आहे आणि एमएसएनला सहसा बॅचलर्स मागतात. आरएन-टू-एमएसएन असे जोडकोर्स असतात, ते बघा. मार्कशीटचं मूल्यमापन करून घ्यायला आजच सुरुवात करा. भारतातून कागद यायला जो वेळ लागतो तो तुम्हाला ठाऊक आहेच.

प्रश्न : सात वर्षं आयसीयूत आहे आणि तिथेच राहायचंय. मैत्रिणी म्हणतात, एफएनपी कर, कुठेही चालतं.

उत्तर : मैत्रिणींचं इथे ऐकू नका. एफएनपीचं शिक्षण प्राथमिक आरोग्यसेवेचं आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं नाही. २००८च्या कन्सेन्सस मॉडेलपासून (नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण आणि परवाने यांची राष्ट्रीय चौकट) प्राथमिक आणि तीव्र आजारांची सेवा या वाटाच वेगळ्या धरल्या जातात. प्रौढ आणि वृद्धांच्या तीव्र आजारांसाठीचा तुमचा कोर्स म्हणजे अ‍ॅडल्ट-जेरोंटॉलॉजी अ‍ॅक्यूट केअर. काही हॉस्पिटलं एफएनपीला घेतात, हे खरं. पण उद्या त्यांनी नियम कडक केले, तर पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट करावं लागेल. म्हणजे पुन्हा फी, पुन्हा क्लिनिकलचे तास, आणि पुन्हा प्रिसेप्टरसाठी फोनाफोनी.